लाभ, दोन, तीन

बाई, आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात, हे काही बरं केलं नाहीत. मागच्या खेपेला घरी आलो तेव्हा मी पुन्हा विषय काढला, तर तुम्ही म्हणालात, "जळकोटकर, च्या पी आधी, निवतोय. भांडण पुढच्या खेपेला." मी मुकाट्यानं चहा प्यालो आणि एसटी पकडली. आता कुठली आली पुढची खेप? सुजाताचा फोन आला, "सर, आई गेली," म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघालं, "अशी कशी गेली, आमचा निकाल लागायचा होता." सरांचं वय झालं, असं पोरगी मनात म्हणाली असेल. नंतर मी फोन ठेवला आणि अंगणातल्या बाजेवर बसून रडलो. रडता रडता तुमच्यावर चिडलोही होतो, हे सांगितलेलं बरं.

भांडण एका शब्दावरचं. लाभ. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला आपल्याकडं कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात, आणि पुढं दोन, तीन, चार. हा शब्द शाळेत येऊ द्यायचा की दारातच थांबवायचा, एवढाच आपला वाद. तुम्ही मास्तरांना गणित शिकवायला शिकवणाऱ्या, मी तुमच्या हाताखाली तयार झालेला मास्तर. दोघंही निवृत्त झालो, दोघांचेही गुडघे गेले, पण माघार कुणी घेतली नाही.

तुम्ही पहिल्यांदा वर्गात आलात तो दिवस आमच्या वर्गातला रज्जाक अजून रंगवून सांगतो. उस्मानाबादचं अध्यापक विद्यालय. आता धाराशिव म्हणायची सवय झालीय, पण त्या दिवसांपुरती जीभ उस्मानाबादच म्हणते. आम्ही सगळे शेतकऱ्यांची, मजुरांची पोरं. पाऊस दगा देतो, मास्तरकीचा पगार देत नाही, एवढ्या एका विचारानं डी.एड.ला आलेलो. शिकवायची हौस वगैरे कुणाला नव्हती. तुम्ही आलात, बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, अंबाड्यात खडूचा तुकडा खोचलेला. आम्हाला वाटलं विसरून राहिला असेल. तो तिथं कायमच राहायचा हे नंतर कळलं. नाव विचारायच्या ऐवजी तुम्ही गाव विचारलंत, आणि त्या दिवसापासून मी जळकोटकर झालो तो झालोच.

फळ्यावर तुम्ही अठ्ठावीस अधिक पंधरा लिहिलंत, आणि खाली उत्तर लिहिलंत तेहतीस.

"पोरगं तेहतीस म्हणतंय. काय कराल?"

रज्जाक म्हणाला, "एक कानाखाली देऊ, मग बरोबर म्हणंल." वर्ग हसला. मी हात वर करून म्हणालो, "पाढे पाठ करून घेऊ." मला वाटलं शाबासकी मिळेल.

"आणि त्याला कुणी इचारणार का, तेहतीस कुठनं आणलंस बाबा म्हणून?" तुम्ही म्हणालात. "पोरगं चुकतंय म्हंजी ते काहीतरी करतंय. काय करतंय ते हुडका. न करणारं पोरगं चुकत न्हाय, ते नुसतं बसतं."

मला त्या वेळी तुमचं हे बोलणं फार शहाणपणाचं वगैरे वाटलं नाही. मला वाटलं, बाईंना वेळ फार आहे.

मग सराव पाठ सुरू झाले आणि तुम्ही आमची पुरती जिरवलीत. बेंबळीला एसटीनं उतरायचं, तिथून पायी एका वाडीवर जायचं, तिथली दोन खोल्यांची शाळा ही आमची सरावशाळा. इतर विषयांचे पाठ सोपे होते. टाचण काढायचं, चित्र टांगायचं, फळ्यावर सुबक अक्षर काढायचं, झालं. तुमच्या गणिताच्या पाठाला सुबक अक्षराचे गुणच नव्हते. तुमचा कायदा असा, की शिकवायच्या आधी पोरांना थोडी गणितं घालायची आणि पाट्या पुसू न देता गोळा करायच्या. मग त्या सगळ्या पाट्या शाळेपुढच्या अंगणात उन्हात मांडायच्या. बरोबर असलेल्या पाट्या पोरांना परत. चुकलेल्या तेवढ्या ठेवायच्या, आणि त्याही पोरांच्या नावानं नाही, चुकीच्या जातीनं. हातचा विसरलेल्या एकीकडं. वरच्या लहान आकड्यातनं खालचा मोठा जात नाही म्हणून उलटी वजाबाकी करून बसलेल्या दुसरीकडं. शून्य दिसलं की गांगरलेल्या तिसरीकडं. तुम्ही त्याला खळं म्हणायचा. "आज खळं मांडलं का?" असं तुम्ही विचारलंत, की आम्ही कामाला लागायचो. खळ्यावर जशी धान्याची रास पडते, तशी एकेका चुकीची रास. आमच्यातल्या एकेकाला एकेक रास वाटून द्यायचा. आठवडाभर तेवढ्याच पोरांना घेऊन बसायचं, आणि आठवड्यानं पुन्हा तसलीच गणितं घालून पुन्हा खळं मांडायचं.

"रास कमी झाली का?" एवढंच तुम्ही विचारायचा. झाली तर गुण. नाही झाली तर पोराला दोष द्यायचा नाही, तू काय केलंस ते सांगायचं.

हे डोक्यात कुठून आलं, हे मी एकदा एसटीत विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही नव्या नव्या प्राथमिक शिक्षिका होतात. गाव सगळं तलावाच्या कामावर गेलं, म्हणून शाळाही तिथंच एका लिंबाखाली भरायची. फळा नव्हता, कागद नव्हता, तपासायला वह्या नव्हत्या. होत्या त्या फक्त पाट्या. त्या जमिनीवर मांडल्या आणि उभं राहून बघितलं, तर चुका रांगेनं दिसल्या. "एकेक बघितली असती तर पोरगं ढ दिसलं असतं," तुम्ही म्हणालात. "सगळ्या एकदम बघितल्या तर मीच ढ दिसले." आणि खो खो हसलात.

पाट्या न पुसू देणं हे मात्र मोठं अवघड काम होतं. चूक झाली अशी शंका जरी आली, तरी पोरगं थुंकी लावून मनगटानं पाटी साफ करायचं. पिढ्यान् पिढ्यांची सवय. म्हणून तुम्ही जाहीर केलंत, की ज्याची चूक खळ्यावर नवी असंल त्याची पाटी सगळ्यांत पुढं मांडायची. झालं. दुसऱ्या दिवशी पोरं मुद्दाम चुका करून आणायला लागली. एकानं सात अधिक दोनचं उत्तर चारशे लिहिलं आणि छाती काढून उभा राहिला. रज्जाक हैराण. एक शेळी खळ्यावर शिरून दोन पाट्या चाटून गेली, तेव्हा तुम्ही तिच्या मागं धावता धावता ओरडत होतात, "अगं, हातच्याची रास खाऊ नगंस!" त्या दिवशी तुम्हाला पळताना बघून सगळी वाडी हसली. मीही. आज लिहितानाही हसू येतंय, आणि हसू येतंय म्हणून बरं वाटतंय.

तिथल्या हेडमास्तरांना मात्र हसू येत नव्हतं. चांगला माणूस, पण शाळेच्या नावाला जपणारा. "बाई, शाळेची अब्रू तुम्ही उन्हात वाळत घातलीय," ते म्हणाले. "रस्त्यानं जाणारा माणूस बगतो की. चुकलेली गणितं कुणी अंगणात मांडतं व्हय?" तुम्ही म्हणालात, "झाकून ठेवली तर सडतील, गुरुजी." त्यांनी तोंड फिरवलं.

तो पावसानं तोंड फिरवल्याचाच हंगाम होता. खरीप गेलेला. कारखान्यांचे मुकादम वाडीवर येऊन ऊसतोडीच्या टोळ्या ठरवत होते. वाडीतली निम्मी घरं दिवाळीनंतर सहकारी कारखान्यांच्या मुलखात निघणार होती, आणि बरोबर पोरंही. त्यातच एक घर भगवानचं. दुसरीतल्या छबूचा बाप. थोडी कोरडवाहू जमीन, चांगल्या साली खळं व्हायचं, त्या साली काहीच नव्हतं. भगवान एके दिवशी शाळेत आला आणि हेडमास्तरांसमोर उभा राहून म्हणाला, "गुरुजी, खरं सांगा. पोरीला काय येतं का न्हाय? येत असंल तर म्हातारीपाशी ठिवतो, शिकू द्या. येत नसंल तर टोळीत घिऊन जातो, धाकट्याला तरी सांभाळंल." हेडमास्तर म्हणाले, गणितात काही दम नाही, सहामाहीला बघू. सहामाही दिवाळीच्या आधी. म्हणजे त्या पोरीचं वर्ष, आणि खरं म्हणजे तिची शाळाच, त्या एका परीक्षेवर टांगलेली. टोळीत गेलेली पोरगी परत येऊन शाळेत बसल्याचं वाडीवर कुणाला आठवत नव्हतं.

छबूची रास माझ्या वाट्याला आली. रास म्हणजे छबू आणि आणखी थोडी पोरं, सगळी एकाच जातीची चूक करणारी, आणि ती चूक कुणालाच कळत नव्हती. आठ अधिक पाच, तर छबू चौदा म्हणायची. तेरातून पाच गेले, तर सात. बेरीज नेहमी एकानं जास्त, वजाबाकी नेहमी एकानं कमी. चुकीचं, पण इतकं ठाम चुकीचं, की मी चक्रावलो. रज्जाक म्हणाला, पोरगी खोडकर आहे. मी म्हणालो, लक्ष नाही. हेडमास्तर म्हणाले, उपाशीपोटी कसलं गणित. तुम्ही त्या पाट्यांपुढं उकिडव्या बसलात, अंबाड्यातला खडू काढलात, परत खोचलात, आणि म्हणालात, "लक्ष नसलेलं पोरगं कवा जास्त सांगंल, कवा कमी. ही तर एका पट्टीत चुकतीय. जळकोटकर, तिला काय करतीस म्हणून इचारलंस का?"

नव्हतं विचारलं. कुणीच नव्हतं.

छबूला बाहेर बोलावलं. तिच्यापुढं चिंचोके ओतले. "आठ काढ गं बाळ," तुम्ही म्हणालात, "आणि मोठ्यानं मोज." छबू लाजली. शाळेत मोठ्यानं मोजायची तिला सवय नव्हती, सगळं ओठातल्या ओठात चालायचं. तुम्ही खाली मातीत मांडी घालून तिच्या शेजारी बसलात, साडीची पर्वा न करता. तिनं पहिला चिंचोका बाजूला सरकवला आणि हळूच म्हणाली, "लाभ." मग दुसरा सरकवला. "एक." तिसरा. "दोन." अशी आठपर्यंत गेली. समोर चिंचोके नऊ.

मी जळकोटचा, खळ्यावर वाढलेला. लाभ ऐकला आणि मला तिचा सगळा हिशेब दिसला. आठ काढायला सांगितले की ही नऊ काढणार, पाच सांगितले की सहा, आणि सगळे एकत्र मोजताना पुन्हा पहिला लाभ म्हणून सोडून देणार. बेरीज एकानं वाढणारच. वजाबाकी एकानं उतरणारच. पोरीचं गणित अगदी चोख होतं, फक्त तिच्या मोजण्यात लाभ हा एकाच्या आधी येत होता.

"तुझं बापू खळ्यावर कसं मोजत्यात?" तुम्ही विचारलंत.

"लाभ, दोन, तीन," छबू म्हणाली. आणि मग फार समजूतदारपणे, बापाची बाजू सांभाळून घेत म्हणाली, "बापू एक म्हणायचं इसरत्यात. म्या म्हणते."

बाई, तुम्ही त्या वेळी हसलात ते हसू मी पुन्हा कधी कुणाच्या तोंडावर बघितलं नाही. आवाज नाही, नुसतं तोंडभर. शाळेत गुरुजी एकापासून मोजायला शिकवतात, घरी बाप लाभापासून मोजतो, तर मधला एक बाप गाळतो असं त्या पोरीनं ठरवलं, आणि बापाची चूक ती मुकाट्यानं दुरुस्त करत होती. त्या राशीतली बाकीची पोरं बोलावली, तर सगळी खळ्यावर बापाशेजारी बसणारी निघाली, आणि सगळ्यांचा लाभ एकाच्या आधी.

आपलं भांडण तिथंच सुरू झालं, बेंबळीला परत जाताना पायवाटेवर. मी म्हणालो, सोपं आहे. उद्यापासून शाळेत लाभ बंद. शाळेत एक म्हणायचं, घरचं घरी. तुम्ही म्हणालात, "का बरं?" मी म्हणालो, गणितात लाभ नावाचा आकडा नाही. तुम्ही म्हणालात, "पोरीच्या डोक्यात हाय ना. तू तिला म्हणणार, तुझ्या घरात चुकीचं मोजत्यात. ती तुझं ऐकंल का बापाचं?" मी म्हणालो, परीक्षेत लाभ लिहिला तर भोपळा मिळेल. तुम्ही म्हणालात, "लिहू नगंस म्हणू. पण म्हणू नगंस असं कशाला म्हणू?" बेंबळीचा एसटी स्टँड येईपर्यंत आपण बोलत होतो. रज्जाक वैतागून पुढं निघून गेला. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर माझ्या बाजूनं बोलले, "खळ्यावरचं शाळेत कशाला?", तेव्हा मला खरं तर राग आला. त्यांच्या बाजूला मला उभं राहायचं नव्हतं.

तुम्ही मात्र भगवानला बोलावून घेतलंत. तो बिचारा टोपी हातात घेऊन आला, पोरीनं काय केलं म्हणून घाबरलेला. तुम्ही त्याला चिंचोक्यांपुढं बसवलंत आणि म्हणालात, "दादा, खळ्यावर मोजता तसं मोजा." तो आधी हसला, मग सरळ होऊन बसला आणि खड्या आवाजात मोजू लागला, "लाभ, दोन, तीन, चार, पाच." सगळा वर्ग दारात जमलेला. तुम्ही म्हणालात, "थांबा. छबू, किती चिंचोकं हायत?" छबूनं मोजले. डोळ्यांनी मोजले, लाभ न म्हणता, ओठ हलले नाहीत. "पाच," ती म्हणाली. मग बापाकडं बघितलं, मग चिंचोक्यांकडं.

"मंग एक कुठं गेला?" तिनं विचारलं.

"लाभातच हाय," तुम्ही म्हणालात. "तुझं बापू इसरत न्हायत. लाभ म्हंजीच पयला. लाभ म्हण, मग दोन."

छबूनं एक मूठ चिंचोके उचलून आपल्या आपणच मोजायला घेतले, लाभ, दोन, तीन, आणि बापाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. भगवानच्या लक्षात सगळं आलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. "म्हंजी माझ्यामुळं पोरगी नापास व्हायला लागली व्हय बाई?" "तुमच्यामुळं मोजायला शिकली," तुम्ही म्हणालात. "मोजणं तिला शाळेच्या आधी तुमी शिकवलं." जाताना त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि नीट दाबून बसवली, जशी लग्नाला जाताना बसवतात.

पुढच्या आठवड्यात खळं मांडलं, तर माझी रास नाहीशी झालेली. सगळी पोरं बरोबर. तुम्ही विचारलंत, "रास कमी झाली का?" मी म्हणालो, "झाली, पण तुमच्या पद्धतीनं झाली, माझ्या पद्धतीनंही झाली असती." तुम्ही मला पैकीच्या पैकी गुण दिलेत आणि शेऱ्यात लिहिलंत, हट्टी आहे. सहामाहीत छबू पास झाली. हेडमास्तरांनी स्वतः भगवानच्या दारात जाऊन सांगितलं, ही त्यांची मोठेपणाची गोष्ट मी कधी विसरलो नाही.

टोळी निघाली त्या सकाळी आपण वाडीवरच होतो. भांडीकुंडी, कोयते, घोंगड्या लादून बैलगाड्या रांगेनं उभ्या होत्या. छबूची आई धाकट्याला कडेवर घेऊन पहिल्या गाडीत बसली, भगवाननं कासरा हातात घेतला. छबू आजीचं बोट धरून शाळेच्या भिंतीपाशी उभी होती. रडली नाही. गाड्या हलल्या तसं तिनं हात वर करून मोजायला सुरुवात केली. आईबापाची गाडी पहिली. "लाभ," ती म्हणाली. "दोन. तीन." शेवटची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती मोजत राहिली. मी तुमच्याकडं बघितलं. त्या वेळी तुम्ही, बघ, मी म्हणत नव्हते का, असं सहज म्हणू शकला असता. म्हणाला नाहीत. अंबाड्यातला खडू काढून हातात धरलात आणि उभ्या राहिलात. मीही त्या दिवशी वाद घातला नाही.

पण नंतर घातला. पुढं मी मास्तर झालो, हेडमास्तर झालो, जिथं जिथं गेलो तिथं अंगणात खळं मांडलं. पाट्या गेल्या, वह्या आल्या, तरी मांडलं. नवे मास्तर हसायचे, मग शिकायचे. तुमचंच सगळं मी वापरलं, फक्त एक कायदा माझा, माझ्या शाळेत पोरांनी एक म्हणायचं. दर दिवाळीला तुमच्या घरी यायचो आणि हा कायदा मुद्दाम सांगायचो, तुम्हाला चिडवायला. तुम्ही चिडायचात. सुजाता आतून म्हणायची, "झालं यांचं सुरू."

मग एका दिवाळीला तुम्ही चिडला नाहीत. चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "जळकोटकर, तुमच्या खळ्यावर लाभ म्हणायचे तेव्हा आमची आई कुठं उभी असायची, म्हायती हाय का तुला?" मला माहीत नव्हतं, आणि माहीतही होतं. "कडंला," तुम्ही म्हणालात. "पदर पसरून. रास मोजून व्हायची, मग शेवटाला सुपातलं काय उरलं ते पदरात पडायचं. मी तिच्याजवळ उभी राहून ऐकायचे. लाभ, दोन, तीन. दुसऱ्याचा लाभ ऐकून ऐकून मी मोजायला शिकले." मी म्हणालो, "मग तर बाई, तुम्हीच तो शब्द शाळेत येऊ द्यायला नको होता." तुम्ही हसलात. "छबूला तो तिच्या बापानं दिलेला. तिच्याकडनं हिसकून घेणारी मी कोण? आणि कुणी दिला न दिला, शब्द चांगला हाय रे. फक्त सगळ्यांच्या धान्यावर म्हणाया पायजे." त्यावर मी पाढ्यांचा विषय काढला. त्या वेळी मला जे म्हणायचं होतं ते राहूनच गेलं. आज लिहायला बसलो तरी ते नीट वाक्यात येत नाही. तुमच्या आईला आमच्या खळ्यावर मी कधी बघितलं नव्हतं, पण तसं खळं मी दर सुगीला बघितलं होतं, एवढंच.

शेवटच्या खेपेला माझी सून बरोबर होती. तीही मास्तरीण. तिनं तुम्हाला तिचा फोन दाखवला, कुठल्या पोराला काय येतं ते त्यात लाल, हिरव्या खुणांनी दिसतं. तुम्ही चष्मा लावून खूप वेळ बघितलंत. "छान हाय," म्हणालात. "खळं खिशात बसतंय की." मग लाल खुणेवर बोट ठेवलंत. "हे पोरगं काय म्हणालं ते कुठं हाय?" सून गोंधळली. तुम्ही तिचा हात धरून तिला छबूची गोष्ट सांगितलीत, पहिल्यापासून, चिंचोक्यांसकट. मी मध्ये बोललो, "आणि लाभ शाळेत नको म्हणणारा मीच." तेव्हा ते वाक्य. च्या पी आधी, निवतोय.

काल तुमचं पुण्यानुमोदन झालं, बाई. माणसं किती आली होती म्हणून सांगू. जिल्हाभरातले मास्तर. रज्जाक काठी टेकत आला. आणि छबू आली. बेंबळीत तिची पिठाची गिरणी आहे, केसांवर कायम थोडं पीठ असतं, तुमच्या खडूसारखं. बुद्धवंदना झाली, जेवणाची तयारी सुरू झाली. आचारी भात कितीचा लावू म्हणून विचारायला लागला, तेव्हा सुजातानं शेराचं माप माझ्या हातात दिलं. "सर, तुम्ही मोजून द्या," म्हणाली. छबूनं पोत्याचं तोंड उघडून धरलं. मी माप भरलं, पातेल्यात ओतलं, आणि तोंडातून आपोआप निघालं, "लाभ."

तुमचे धाकटे बंधू, सुजाताचे मामा, मागंच उभे होते. "सर, मयताच्या घरात लाभ म्हणत्यात व्हय?" ते दबक्या आवाजात म्हणाले. रागानं नाही, दुःखानं. आसपासचे लोक थांबले. रीत म्हणून त्यांचंच बरोबर होतं. माझा हात तसाच राहिला. ओतलेलं धान्य परत पोत्यात टाकून पहिल्यापासून एक म्हणत मोजावं, असं मनात आलं. माझं जन्मभराचं म्हणणंही तेच होतं, नाही का?

"म्हणू द्या मामा," छबू म्हणाली. पोत्याचं तोंड तिनं सोडलं नव्हतं. "बाईंनी मला म्हणू दिलं हुतं."

मामा माझ्याकडं बघत राहिले, मग छबूकडं. मग पुढं आले आणि पोत्याची दुसरी कड त्यांनी धरली. शाळेत एकच म्हणायचं, हे माझं मत अजून तसंच आहे, बाई, उगीच समजूत करून घेऊ नका. पण ही शाळा नव्हती. हे तुमच्या घरचं धान्य होतं, आणि मोजणारा मी होतो. मी दुसरा शेर शिगोशीग भरला, पातेल्यात ओतला, आणि कडेला उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं म्हणालो, "दोन."